कलिंगडावरची निळी खूण

कानमावशीला संशय यायला फारसं काही लागायचं नाही. दूधवाला हसून बोलला तरी ती पातेल्यात डोकावून बघायची. नवऱ्यावर तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तिची नजर होती, आणि तो बिचारा पस्तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. उभ्या आयुष्यात त्याने कुणाचं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात घरात जे चाललं होतं ते बघून तिलाच काय, कुणालाही वाटलं असतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

कानमावशी हे नाव तिला कारखान्याने दिलेलं. तिथे लोखंड घासायची चाकं बनत. दिसायला दगडी, पण मशीनला लावली की मिनिटाला हजारो फेरे घेणारी. अशा चाकात केसाएवढी चीर असली तर ते फिरता फिरता फुटतं, आणि समोर उभ्या असलेल्या कामगाराचा डोळा नाहीतर जबडा घेऊन जातं, कधी जीवही. ही चीर दिसत नाही, ती ऐकावी लागते. म्हणून कारखान्याच्या एका कोपऱ्यात काचेची बंद खोली होती, आणि त्या खोलीत मावशी सव्वीस वर्षं बसत आली होती. चाक दांडीवर टांगायचं, लाकडी हातोडीने कडेला हलकेच टोलायचं आणि ऐकायचं. धड चाक घंटेसारखं वाजतं, चिरलेलं नुसतं ‘थप्’ करतं. धड असेल त्यावर मावशी कानामागची निळी मेणाची पेन्सिल काढून बरोबरची खूण करायची. खूण झाली की चाक पॅकिंगला गेलं. मावशीच्या खुणेनंतर कुणी पुन्हा तपासत नसे. फोरमन म्हणायचा की देवाची चूक होईल, मावशीची नाही, आणि मावशीला हे ऐकून आतून गुदगुल्या व्हायच्या.

आता हाच फोरमन एक मशीन आणत होता. चाक त्यात ठेवायचं, मशीनच टोला मारणार, मशीनच ऐकणार आणि दिवा लावून सांगणार. सोमवारी परीक्षा ठरली होती. शंभर चाकं आधी मशीन ऐकणार, मग मावशी. दोघांचे निकाल जुळले तर मावशीची खुर्ची निवृत्तीपर्यंत, म्हणजे आणखी दीड वर्ष, कायम. नाही जुळले तर पॅकिंगच्या टेबलावर खोकी चिकटवायची. फोरमनने हे इतक्या गोडीने सांगितलं की मावशीला तेव्हाच कळलं, हा मनुष्य मला घालवायला टपलाय. वर हल्ली येणारी चाकंही पूर्वीसारखी खणखणीत वाजत नव्हती. सगळीच कशी दबक्या आवाजात बोलायची. माल चिकटवायला काहीतरी स्वस्तातलं वापरायला लागलेत मेले, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण ती डगमगणारी नव्हती. आवाज दबका असला तर डाव्या हाताची बोटं चाकाला लावून त्याची थरथर बघायची. एवढा अनुभव काय फुकट जातो?

आणि कानाचा पुरावा तर तिच्या घरी रोज येत होता, कलिंगडाच्या रूपाने.

झालं असं, की उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला धरलं. रक्तदाब वाढलेला, पोट सुटलेलं, आणि हा गृहस्थ दिवसाला दोन बाटल्या रंगीत गोड पाणी ढोसत होता. डॉक्टरांनी बाटल्या बंद केल्या. फळं खा म्हणाले, कलिंगड खा, त्यात भरपूर पाणी असतं, पोट भरतं, फक्त साखर घालू नका आणि टोपलंभर खाऊन बसू नका. मुलगा नोकरीसाठी परगावी, घर सुनेच्या हातात, आणि तिने हे असं मनावर घेतलं की फ्रीजचा एक खण कलिंगडाचाच झाला. आज पुदिना घालून, उद्या काकडी घालून, परवा लिंबू आणि चिमूटभर जिरेपूड. एकदा तिने रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला आणि ते लाल खडे साध्या पाण्यात सोडून दिले. सासरेबुवा पेला उजेडात धरून बघत बसले. महिन्याभरात त्यांचं पोट दोन बोटं आत गेलं.

कलिंगड निवडायचं काम मात्र मावशीचं. दोन वाजता पाळी सुटली की ती वाटेवरच्या फळवाल्याकडे थांबायची, कलिंगड उचलून कानाशी धरायची आणि बोटाच्या पेराने ठोकायची. चाक गायलं पाहिजे, कलिंगड हुंकारलं पाहिजे, असा तिचा हिशेब. मनासारखं मिळालं की हात आपोआप कानामागे जायचा आणि कलिंगडाच्या बुडाशी, त्या पिवळट डागाशेजारी, निळी खूण उमटायची. सव्वीस वर्षांची सवय, त्याला ती तरी काय करणार. मग घरी येऊन कलिंगड ओट्यावर ठेवायचं, जेवून आडवं व्हायचं, आणि चार वाजता उठलं की गार पेला हातात. रोज गोड, रोज लालबुंद. एकदाही फसगत नाही.

आणि इथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

पहिली गोष्ट म्हणजे फळवाला. गेल्या वर्षीपर्यंत तो इतर गिऱ्हाइकांनाही म्हणायचा, थांबा, मावशींकडून निवडून घ्या. यंदा ती आली की त्याला अचानक केळी रचायची असायची. दुसरी गोष्ट, घरात कलिंगडाच्या फोडी होईनाशा झाल्या. मावशीला खरं तर फोडच आवडायची, सालीला धरून, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत खायची. पण सुनेला विचारलं की ती म्हणायची, आई, रसच बरा, बाबांना मोजून देता येतो. आता फोडीचा आणि मोजण्याचा काय संबंध? फोडी मोजता येत नाहीत होय? तिसरी गोष्ट, ती आली की नवरा आणि सून बोलता बोलता गप्प व्हायचे. किंवा बोलत असले तरी तोंडातल्या तोंडात, दुसऱ्याला कळू नये असं. दाराच्या घंटीचा सेलही कुणी मुद्दामच बदलत नव्हतं, कारण ती वाजायचीच नाही आणि माणसं मात्र आत येऊन उभी राहायची.

शुक्रवारी तिने सरळ ओल्या कचऱ्याची बादली उपसली. सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. बादलीत त्या दिवशीच्या कलिंगडाच्या साली होत्या. मावशीने गडद हिरवं कलिंगड आणलं होतं, आणि या सालींवर चांगले फिकट पट्टे. तिने एकेक तुकडा धुऊन ओट्यावर मांडला, सगळं बूड जुळवलं. निळी खूण कुठेच नव्हती.

मावशी चपापली. फोडी का होत नाहीत ते तिला आता कळलं. फोड ताटात आली की साल दिसते आणि सालीवरची खूणही, म्हणून रस. म्हणजे तिने निवडून आणलेलं उत्तम कलिंगड कुठेतरी जात होतं आणि घरात भलतंच येत होतं. कुठे जात असेल? सुनेचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे. तिथे सुनेची आई, तिचे दोन भाऊ, सगळे खाणारे. आणि नवरा सामील, कारण त्याशिवाय एवढं ओझं नेणार कोण? सोमवारच्या परीक्षेची धास्ती आधीच होती, त्यात हे. आपल्या कानाच्या जिवावर माहेर पोसलं जातंय, या विचाराने तिचा असा काही तिळपापड झाला की रात्रीचं जेवणही गेलं नाही.

शनिवारी तिने मुद्दाम मोठं कलिंगड घेतलं. खूणही ठळक केली. जेवून खाटेवर आडवी झाली आणि डोळे मिटून पडली, झोपेचं सोंग घेऊन. ठरवलं होतं की दाराची कडी वाजली की उठायचं आणि दोघांना मुद्देमालासकट पकडायचं. बराच वेळ गेला. काहीच वाजलं नाही. शेवटी कंटाळून तिने डोळे उघडले, खिडकीतून पाहिलं, तर नवरा टपालाची जुनी कॅनव्हासची पिशवी खांद्याला लावून रस्त्याच्या वळणापर्यंत पोहोचलासुद्धा होता. बघा, मावशी मनाशी म्हणाली, कडी न वाजवता गेला. असं चोरपावलांनी कोण जातं?

पायात चपला सरकवून ती निघाली. सुनेचं माहेर डावीकडे होतं. नवरा उजवीकडे वळला.

उजवीकडे वस्ती संपते तिथे एका माणसाने शेळ्या पाळल्या होत्या. तारेचं कुंपण, पत्र्याची सावली, पाण्याचं डबकं. नवरा कुंपणापाशी थांबला, पिशवीतून कलिंगडाच्या अर्ध्या अर्ध्या चिरलेल्या दोन भकला काढल्या आणि आत टाकणार इतक्यात मावशी मागून आली आणि तिने त्याचं मनगट धरलं. तो इतका दचकला की एक भकल कुंपणाच्या आत पडली आणि शेळी ती खायला लागलीही.

मावशीच्या तोंडाशी आलं होतं की माझी चांगली कलिंगडं तुम्ही शेळ्यांना घालता? पण दुसरी भकल नवऱ्याच्या हातात होती, आणि तिची कापलेली बाजू वर होती. आत पांढरंफटक होतं. मधोमध कुठे गुलाबीची छटा, बिया कोवळ्या, दुधाळ. तिने भकल हिसकावून घेतली आणि उलटी केली. बुडाशी निळी खूण होती, तिची. खुणेचं शेपूट शेवटी डावीकडे वळतं, तसं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

मग तिची नजर कुंपणाच्या आत गेली. शेळ्या साल कुरतडतात, पण बुडाचा जाड भाग सोडतात. वाळून कडक झालेली ती बुडं इकडे तिकडे पडली होती, पंधरा तरी असतील, वीसही असतील. उन्हाने रंग उडाले होते. पण मेणाची पेन्सिल उन्हाला दाद देत नाही. प्रत्येक बुडावर ती निळी खूण होती.

“किती दिवस?” तिने विचारलं.

नवऱ्याने आधी शेळ्यांकडे पाहिलं. मग तो तिच्यासमोर आला आणि तोंड तिच्याकडे करून, हळूहळू, नीट उच्चार करत बोलायला लागला, आणि असं तो गेले कित्येक महिने बोलत होता हे मावशीच्या तेव्हा लक्षात आलं. उन्हाळा लागला तेव्हा आठवड्यातून एखादं फिकं निघायचं, तो म्हणाला. सून त्यात थोडा बीटाचा रस टाकून वेळ मारून न्यायची. पुढे रोजच फिकं निघायला लागलं, तेव्हा त्याने फळवाल्याला विश्वासात घेतलं. ती पडली की हा जाऊन दुसरं आणायचा, फळवाला निवडून ठेवायचा. सूनच म्हणाली होती की बाबा, आईंचा कान म्हणजे आईंचा जीव आहे, दीड वर्षाने त्या घरी बसतील तेव्हा सावकाश सांगू.

“एका कलिंगडाचा तर प्रश्न होता,” नवरा म्हणाला. “म्हटलं, बदलू.”

“कलिंगडं तुम्ही बदललीत,” मावशी म्हणाली. “चाकं कोण बदलणार होतं?”

हा विचार नवऱ्याला शिवलाच नव्हता. ना त्याला, ना सुनेला. दोघांनी जीव लावला तो कलिंगडापर्यंत, आणि तिथून पुढे कारखाना आहे हे दोघं विसरले. मावशीला त्यांचा राग आला, पण तो फार वेळ टिकेना, कारण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. चाकाला बोटं लावून थरथर बघायची वेळ का आली होती? दबक्या आवाजात बोलणारी सगळी चाकं, सगळी माणसं, मुकी झालेली घंटी. साऱ्या जगावर तिने संशय घेतला होता, फक्त स्वतःच्या कानावर घेतला नव्हता. ती कुंपणाजवळच्या दगडावर बसली.

नवरा बाजूला उकिडवा बसला. तो म्हणाला, सोमवारी बरं वाटत नाही म्हणून कळव. परीक्षेला बसूच नकोस. आपणहून पॅकिंगला जाते म्हण, वयाचं कारण सांग, तेही खुशीने देतील. अब्रू राहील. मावशीने ऐकून घेतलं. त्यात खोट काही नव्हती, आणि तिच्या मनाने क्षणभर त्या वाटेवर पाऊल टाकलंही. कुणाला काही कळलं नसतं. फोरमनने निरोपाचं भाषण केलं असतं आणि देवाची चूक होईल वगैरे पुन्हा म्हणाला असता.

पण शनिवारी सहा वाजता मालाची गाडी सुटते. आठवड्याची सगळी चाकं त्या गाडीत, प्रत्येकावर निळी खूण. आणि ती कुठल्यातरी गावी, कुठल्यातरी मशीनला लागणार, आणि समोर एक माणूस उभा राहणार, खूण बघून निश्चिंत.

तिने शेळीच्या तोंडातली भकल ओढून घेतली. फारशी खाल्लेली नव्हती. ती नवऱ्याच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, ही घरी न्या, कुरतडलेला भाग काढा, आणि सुनेला सांगा की आज रस हिचाच करायचा, बीट घालायचं नाही. दुसरी, खुणेची भकल तिने स्वतःच्या काखेत मारली आणि कारखान्याची वाट धरली.

फोरमन गाडीपाशी टेबल टाकून पावत्या बघत होता. पाळी संपल्यावर मावशी परत, तीही काखेत अर्धं कलिंगड घेऊन, म्हटल्यावर त्याला हसू आलं. मावशीने ते त्याच्या टेबलावर आधी खुणेची बाजू वर करून ठेवलं आणि मग उलटं केलं.

“ही खूण माझी आहे आणि आत हे आहे,” ती म्हणाली. “आता गाडीतली माझ्या खुणेची चाकं काढा आणि वाजवून बघा.”

फोरमन हसायचा थांबला. माणूस संशय घ्यावा इतका वाईट नव्हता. त्याने एक शब्द न विचारता गाडीवाल्याला इंजिन बंद करायला लावलं आणि खोकी काचेच्या खोलीत आणवली. हातोडी त्याने स्वतः घेतली. मावशी भिंतीला टेकून उभी राहिली. टोल्यामागून टोले पडत होते आणि तिला ते सगळे एकाच जाडीच्या गोधडीआडून आल्यासारखे वाटत होते. म्हणून तिने ऐकणं सोडलं आणि फोरमनच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बारा चाकांना चेहरा हलला नाही. तेराव्याला त्याने टोला मारला, थांबला, परत मारला आणि तिच्याकडे न बघता ते चाक डावीकडे ठेवलं. तिच्या कानाला बारावं आणि तेरावं सारखंच होतं.

पहिल्या चाळिसात पाच चिरलेली निघाली. गाडी त्या दिवशी गेली नाही. मागच्या तीन महिन्यांचा माल ज्यांना गेला त्या सगळ्यांना चाकं लावू नका म्हणून आजच्या आज कळवायचं, असं फोरमन फोनवर कुणालातरी सांगत होता. कुणाला काही झाल्याची तक्रार अजून आली नव्हती. मावशीने त्याला हे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्याच्या ओठांकडे बघत.

मग तिने रॉकेलचा बोळा घेतला आणि खाली बसून खुणा पुसायला लागली. आधी डावीकडची पाच, नंतर उजवीकडची. फोरमनने खांद्याला हात लावून तिला थांबवलं आणि उजवीकडची चाकं धड आहेत म्हणाला, ती राहू द्या.

“ती धड आहेत हे तुम्ही सांगताय,” मावशी म्हणाली. “मी नाही सांगितलेलं. त्यावर माझी खूण नको.”

फोरमनही एक बोळा घेऊन शेजारी बसला.

सगळं पुसून होईपर्यंत साडेसहा वाजले. निघताना तिने कानामागची पेन्सिल काढली, खोलीतल्या टेबलावर ठेवली आणि सोमवारी पॅकिंगला किती वाजता यायचं ते विचारून घेतलं.

घरी दोघंही जेवायच्या टेबलाशी बसून होते. सुनेने मावशीचा नेहमीचा स्टीलचा पेला न काढता काचेचा काढला होता, आणि त्यात धुवट, पांढुरकं पाणी होतं, वर पुदिन्याचं एक पान. मावशीला बघताच सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठ हलत होते, पण मान खाली होती. मावशीने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

“रडायचं तर जरा मोठ्याने रड,” ती म्हणाली. “मला ऐकू येत नाही.”

सून रडता रडता हसली आणि मग खरंच मोठ्याने रडली. मावशी खुर्चीत बसली, पेला उचलला आणि अर्धा एका दमात प्यायली.

“फिकं आहे,” ती म्हणाली.

“हो,” नवरा म्हणाला. या वेळी त्याने साध्या आवाजातच म्हटलं, पण मावशी त्याच्याकडे बघत होती, त्यामुळे तिला कळलं. तिने उरलेलाही संपवला आणि पेला पुढे केला, आणि सुनेला सांगितलं की सोमवारी येताना ती कानाच्या डॉक्टरकडे जाणार आहे, कुणीतरी बरोबर यायला हवं.